पत्ता कोणी फोडला

१

ठकीने खिडकी उघडली तर खाली मागच्या गल्लीत नवरा उभा होता. हात कमरेवर, मान वर, आणि एकेका इमारतीची एकेक खिडकी न्याहाळत. खिडकी लावली तर आवाज होईल, म्हणून ती तशीच खाली बसली आणि गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत गेली. कडी आधीच घातलेली होती, तरी तिने ती चाचपून पाहिली. मग तिने मामांना फोन लावला.

मामा आले तेव्हा गल्ली रिकामी होती.

या मामांना सगळं गणगोत फौजदार म्हणे. पोलिसातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण खोड गेली नव्हती. चहात साखर जास्त पडली तरी ते आधी स्वयंपाकघरात कोण कोण होतं याची चौकशी करत. त्यांचा एक ठाम सिद्धांत होता: फुटलेल्या प्रत्येक गोष्टीमागे एक सैल तोंड असतं. ते शोधायचं आणि मग दोन वाजवायच्या. या सिद्धांताने त्यांना नोकरीभर कधी दगा दिला नव्हता.

"तुला पाहिलं त्याने?"

"नाही. पण तो पुन्हा येईल, मामा. तो सोडत नाही, तुम्हाला माहितीये."

मामांना माहीत होतं. जावयाने मागच्या खेपेला तिचं डावं मनगट मोडलं होतं. पुढच्या खेपेला मनगटावर भागणार नाही, असं त्याने अगदी शांतपणे सांगून ठेवलं होतं. ठकी शहर सोडून इथे आली, जुना फोन टाकून दिला, नंबर बदलला, आणि या एका खोलीत डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाईप करायचं काम करू लागली. जावयाने जवळ फिरकू नये असा हुकूम मिळावा म्हणून कोर्टात अर्ज नुकताच गेला होता. हुकूम हातात पडेपर्यंत लपून राहायचं, एवढंच काय ते काम होतं.

"ही खोली कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"दादाला. वकीलबाईंना. मालकीणबाईंना. आणि तुम्हाला."

"म्हणजे तिघांना," मामा म्हणाले. स्वतःला त्यांनी मोजलं नाही.

खोलीभर त्यांनी नजर फिरवली. एक पलंग, एक टेबल, टेबलावर कम्प्युटर. त्याच्या काठावर भावाच्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: 'हा काहीही विचारेल. उत्तर एकच: नाही.' पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलासा ढग, त्याखाली वस्तीचं नाव आणि 'दुपारनंतर पाऊस'. छत्री आणली नाही म्हणून मामांनी स्वतःलाच बोल लावला. टेबलाच्या एका कडेला ठकीची जुनी प्रमाणपत्रं नीट रचून ठेवली होती.

"ही तर तू तिकडेच सोडून आली होतीस ना?"

"हो. दादाने आणून दिली परवा."

 मामांच्या भुवया जवळ आल्या, आणि त्या जवळ आल्या की कोणाची तरी धडगत नसे.

२

ठकीचा दादा शाळेत कम्प्युटर शिकवत असे, म्हणून मामा त्याला मास्तर म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत तास नुकताच संपला होता. मास्तर एकेक यंत्र बंद करत होता.

"तो कम्प्युटर तू तिच्याजवळ ठेवलासच कशाला? घेतलेला तर जावयाने."

"तिच्या कामाचे सगळे प्रोग्राम त्यात आहेत, मामा. ते तिच्या मालकांनी त्याच यंत्राशी बांधून दिलेत, दुसरीकडे चालत नाहीत. म्हटलं, यंत्र राहू दे, त्याचं तोंड बंद करू."

"यंत्राला तोंड असतं?"

"एक असतं तर बरं झालं असतं! तुम्ही काय टाईप करता, कुठे बसलाय, शेजारी कोणाचं इंटरनेट आहे, सगळं बाहेर कळवत असतं. मी एकेक नळ शोधून घट्ट बंद केला. पण गंमत काय होते, दर थोड्या दिवसांनी कंपनी अपडेट पाठवते. 'सुधारणा केली आहे' म्हणे. आणि जाता जाता बंद केलेले सगळे नळ पुन्हा सोडून जाते. म्हणून अपडेटच बंद केले, आणि वर चिठ्ठी लावली."

मामांनी मान डोलावली. त्यातलं त्यांना फारसं कळलं नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी खास पोलिसी चाल खेळली. दाराकडे वळले, थांबले, आणि सहज आठवल्यासारखं म्हणाले, "ती प्रमाणपत्रं काय जावयाच्या कपाटातून आपल्या पायांनी चालत आली?"

मास्तरचा चेहरा पडला.

"भेटलो होतो त्याला," तो हळूच म्हणाला. "नवी नोकरी शोधायची तर कागद लागणारच होते. स्टेशनाबाहेर भेटलो. त्याने विचारलंही, कुठे आहे ती. मी ताकास तूर लागू दिली नाही."

"मग माझ्यापासून का लपवलंस?"

"तुम्ही असंच बघाल म्हणून! आत्ता बघताय तसं!"

"चहा पाजला असेल त्याने. दोन गोड शब्द बोलला असेल. गहिवरून आलं असेल तुला."

"मामा, ती माझी बहीण आहे."

"तोंड सैल सुटायला तेवढंच लागतं."

मास्तरने हातातली किल्ली टेबलावर आपटली. "त्या रात्री तिला दवाखान्यात नेलं ते मी. तुम्ही दुसऱ्या दिवशी जबाब कसा लिहावा ते शिकवायला आलात. यापुढे तिचं तुम्ही बघा. मला पुन्हा फोन करू नका, तिलाही सांगा."

मामा पायऱ्या उतरले ते काहीशा समाधानातच. एवढा चिडतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. संध्याकाळी ठकीला त्यांनी हे सांगितलं.

"दादाने नाही सांगितलं," ती म्हणाली. "आणि सांगितलं असेल तर मग मला काही कळूनच घ्यायचं नाही."

३

मालकीणबाई तळमजल्यावर राहत. पुढच्या रस्त्याला लोखंडी फाटक, फाटकावर घंटा, आणि घंटा वाजली की पडद्याआडून त्यांचा एक डोळा. त्यांच्या नजरेखालून न जाता वर जाणं कोणाला शक्य नव्हतं, कारण इमारतीला दुसरं दार नव्हतं.

"चौकशी करा ना, खुशाल करा," त्या म्हणाल्या. "मी कोणाला काय सांगणार? मला तर तिचं खरं नाव सुद्धा माहीत नाही. शेजारी विचारतात तर सांगते, माझ्या जावेची मुलगी आहे, परीक्षेला बसलीये."

"या वयात?"

"अभ्यासात कच्ची आहे म्हणते."

एरवी ते हसले असते, पण आज मामांनी चौकशीची ठरलेली वाट सोडली नाही. फोनवर कोणाचा आवाज आला का, खोली भाड्याने आहे का असं कोणी विचारून गेलं का, आणि शेवटी, कोणी हातावर काही ठेवलं का. या शेवटच्या प्रश्नाला मालकीणबाई उभ्या राहिल्या.

"माझ्या घरात बसून मला हे विचारता? बिचारी अडचणीत आहे म्हणून ठेवून घेतली. कागद मागितला नाही, ओळख मागितली नाही. आता दारात पोलीस, उद्या तिचा तो नवरा. मी एकटी बाई आहे. महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करून द्या."

"अहो, मी निवृत्त आहे."

"मग घरी बसा ना!"

मामा फाटकाबाहेर आले. दोन दिवसांत त्यांनी भाचीचा भाऊ तोडला होता आणि छप्पर घालवलं होतं, आणि सैल तोंड काही सापडलं नव्हतं. पहिल्यांदाच त्यांना थोडं अस्वस्थ वाटलं. पायांना सवय म्हणून ते घटनास्थळाकडे, म्हणजे मागच्या गल्लीकडे वळले.

४

मागच्या गल्लीत एक इस्त्रीवाला बसत असे. मामांनी विचारायचा अवकाश, त्याने आपणहून सुरुवात केली.

"तो होय? आला होता ना. दोन्ही हातांनी फोन धरून चार पावलं पुढे, चार पावलं मागे. मला वाटलं काहीतरी हरवलंय. मग समोरच्या इमारतीत गेला, सगळ्या घंट्या वाजवल्या. मग शेजारच्या. मला म्हणाला, इथे कोणी नवीन बाई राहायला आलीये का? मी म्हटलं, माझ्याकडे शर्ट येतात, बायका येत नाहीत."

"आणि या इमारतीत?" मामांनी ठकीच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"तिकडे कसा जाईल? इकडून दारच नाही. नुसती भिंत."

मामा भिंतीसमोर उभे राहिले. वर ठकीची खिडकी, खिडकीला लागून आत तिचं टेबल. खाली सपाट भिंत. त्यांचं डोकं आता खऱ्या अर्थाने चालू लागलं, आणि जसजसं चालू लागलं तसतशी पायाखालची वाळू सरकू लागली.

मास्तर या खोलीवर आला तो पुढच्या फाटकाने. वकीलबाई सह्या घ्यायला आल्या त्याही फाटकाने. मालकीणबाईंचं तर आयुष्यच त्या फाटकावर बेतलेलं. यातल्या कोणीही पत्ता सांगितला असता तर काय सांगितलं असतं? लोखंडी फाटक, घंटा, वरचा मजला. जावयाला फाटक माहीत नव्हतं. मजला माहीत नव्हता. इमारत सुद्धा माहीत नव्हती! माणूस पत्ता सांगतो तेव्हा दार सांगतो. याला दार सोडून बाकी सगळं कळलं होतं.

याला फक्त जागा कळली होती. नकाशावर बोट ठेवावं तशी, आणि बोट दोन हात चुकून मागच्या गल्लीवर पडलं होतं.

म्हणजे तिघांपैकी कोणीच बोललं नव्हतं.

५

वकीलबाईंच्या कचेरीत मामा बसले ते या वेळी आरोपीसारखे. ठकीही सोबत होती.

"माणसांपैकी कोणी बोललं नाही. त्या खोलीतून बाहेर गेलं ते फक्त या अर्जातून. त्याचं सांगा," मामा म्हणाले. "कसा भरला, कुठून भरला."

"आता सगळं ऑनलाईन असतं. अर्जदाराने स्वतःच्या कम्प्युटरवरून, स्वतःच्या खात्यातून दाखल करायचा. मी फोनवर होते, ही तिकडे भरत होती. फार त्रास दिला त्या पानाने. कधी इथे खूण कर, कधी ते मान्य कर, घोषणा, शपथ... मी हिला म्हटलं, कोर्ट जे जे विचारेल त्याला हो म्हण, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही."

"आणि तू?"

"मी म्हणत गेले," ठकी म्हणाली. "मध्येच म्हणालं, तुमची प्रणाली जुनी आहे, अर्ज स्वीकारता येत नाही, नवी करायची का. मी म्हटलं, हो."

"चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?"

"ते कम्प्युटरने विचारलं तर! हे कोर्ट विचारत होतं." ती बोलता बोलता थांबली. तिचा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला. "ते कोर्ट नव्हतं का?"

 एका पडद्यावर एका वेळी दोघे प्रश्न विचारत होते आणि दोघांचा आवाज सारखाच होता. भावाने शिकवलं होतं नाही म्हणायला, वकिलाने शिकवलं होतं हो म्हणायला. ठकीने दोघांचंही ऐकलं होतं.

"ते अपडेट झाल्यावर काही वेगळं दिसलं?" मामांनी विचारलं.

"तसं काही नाही. जरा रंग बदलले. आणि कोपऱ्यात हवामान दिसायला लागलं."

मामांच्या डोळ्यांसमोर तो इवलासा ढग उभा राहिला. ढगाखाली वस्तीचं नाव होतं.

"ठके, आपण कुठे राहतो हे तू त्याला सांगितलं होतंस?"

"कोणाला?"

"त्या यंत्राला. पाऊस कुठे पडणार आहे ते त्याला कसं कळलं?"

तिघेही त्याच पावली खोलीवर गेले. भावाने दाखवलं होतं तसं ठकीने एकेक कप्पा उघडला. बंद केलेला प्रत्येक नळ वाहत होता. ठिकाण कळवणे: चालू. टायपिंगचा तपशील पाठवणे: चालू. हरवलेले उपकरण शोधणे: चालू. त्याखाली मालक म्हणून जावयाचं नाव होतं, कारण यंत्र घेतलं त्या दिवशी खातं त्याने उघडलं होतं. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती.

'शेवटचे ठिकाण मालकाला कळवले: आत्ता.'

मामांनी भिंतीतली वायर उपटून काढली. जुन्या पद्धतीने जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं.

६

गुन्हा उलगडला होता. फौजदारांच्या आयुष्यात या क्षणानंतर नेहमी एक गोष्ट घडत असे: कोणाला तरी अटक होई. म्हणून ते ठकीला सोबत आणि यंत्राला काखेत घेऊन ठाण्यावर गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेला अधिकारी आता त्यांच्या खुर्चीत बसत होता. तो उठून उभा राहिला, चहा मागवला, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"साहेब, तुम्हीच मला शिकवलंत. आधी सांगा, आरोपी कोण."

"जावई."

"मनगटाचा जबाब तिकडच्या ठाण्यात. इथे त्याने काय केलं? सार्वजनिक गल्लीत उभा राहिला."

"मग ती कंपनी!"

"बाईंनी हो म्हटलंय. त्यांच्याकडे त्याची नोंद असणार, वेळेसकट."

"मी कोर्टाला हो म्हटलं," ठकी म्हणाली.

अधिकाऱ्याने मान खाली घातली. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्याचा उपयोग नव्हता हेही. "साहेब, अजून एक आहे. तुम्ही आलात म्हणून बरं, नाहीतर मलाच यावं लागलं असतं. त्यांनी तक्रार दिलीये. कम्प्युटर चोरीला गेल्याची. पावती त्यांच्या नावावर आहे, खातं त्यांच्या नावावर आहे. कंपनीने ठिकाण दाखवलं म्हणून ते स्वतः शोधायला गेले होते, असं लेखी आहे. हा मला ठेवून घ्यावा लागेल."

"ठेवून घेशील आणि?"

"आणि मालकाला परत द्यावा लागेल."

"त्यात तिचा अर्ज आहे! त्याने काय काय केलं ते तिने सगळं लिहिलंय त्यात. माझं नाव आहे, भावाचं आहे, दवाखान्याचं आहे."

"मी उशीर करू शकतो," अधिकारी म्हणाला. "पण किती करणार?"

मामांनी टेबलावर मूठ आपटायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. समोर आरोपी म्हणून कोणीच नव्हतं. ज्याने पान बनवलं त्याने ठकीला पाहिलं नव्हतं. ज्याने अपडेट पाठवलं त्याने लाखोंना पाठवलं होतं, त्यातली एक ठकी. वकीलबाईंनी अर्ज पुढे सरकवला, मास्तरने नळ बंद केले, मालकीणबाईंनी नाव सुद्धा विचारलं नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. नुकसान केलं होतं ते फक्त मामांच्या चौकशीने, आणि तेवढाच एक गुन्हा त्यांना स्वतःच्या नावावर नोंदवता येण्यासारखा होता.

ठकीने यंत्रावरची पिवळी चिठ्ठी सोलून काढली. बाकी सगळं टेबलावर राहिलं.

७

मास्तरची माफी मागायला मामा शाळेत गेले. त्याने खुर्ची पुढे केली, भांडण काढलं नाही. पण तो पूर्वीसारखा बोललाही नाही.

"तिला सांगा, माझ्याकडे येऊ नको," तो एवढंच म्हणाला. "माझं घर त्याला माहितीये."

वकीलबाईंनी अर्जाची चौकशी केली. तारीख लागायची तर सध्याचा पत्ता द्यावा लागेल, आणि त्याची प्रत समोरच्या पक्षाला जाईल, असं उत्तर आलं. ठकीने पत्ता दिला नाही. अर्ज आपोआप निकाली निघाला. हाताशी यंत्र नव्हतं म्हणून काम गेलं, महिनाअखेर होण्याआधीच तिने खोली सोडली. मालकीणबाई फाटकापर्यंत आल्या, तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या, पण राहा म्हणाल्या नाहीत.

भर दुपारी मामा तिला बसस्थानकावर सोडायला गेले. एक पिशवी होती, तीही त्यांनीच धरली होती. फलाटावर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. कुठली गाडी, हे ठकीने सांगितलं नव्हतं आणि मामांच्या जिभेवर तो प्रश्न सकाळपासून ठणकत होता.

"तिकडे कोणी आहे का ओळखीचं?"

"नाही. म्हणूनच."

"काम?"

"बघीन काहीतरी. कम्प्युटरचं नको."

"फोन घेशील ना नवा?"

 ती खाली वाकली, पाया पडली, आणि त्यांच्या हातातून पिशवी घेतली. एवढीशी असताना ती अशीच त्यांच्या हातातून खाऊ काढून घेत असे, न विचारता.

"मामा, आधी तुम्ही जा. तुम्ही गेल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

"माझ्यावर पण विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला माहीत असलं तर ते कुठून ना कुठून कळेल. तुम्ही सांगायलाच पाहिजे असं कुठे आहे आता?"

मामांनी मान हलवली. हे त्यांनीच शोधून काढलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. चार पावलं गेल्यावर, घरातलं माणूस गावाला निघालं की जे आपसूक तोंडात येतं ते आलंच.

"पोचलीस की..."

ते थांबले. पाठ तिच्याकडेच होती. पुढचा शब्द त्यांनी गिळला. मग ते तसेच चालत राहिले. मागे एक गाडी सुटल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने दुसरी सुटल्याचा, आणि रस्ता ओलांडेपर्यंत तिसरीचाही.